मुलांच्या खेळातली वाळू

मागच्या उन्हाळ्यात आमच्या अंगणवाडीपुढं मुलांना खेळायला म्हणून वाळू आली. ट्रॉली रिकामी झाली तसा पांढुरका धुरळा उठला. मदतनीस ताई नाकाला पदर लावून म्हणाली, "वाळू कसली, ही तर क्रशरची कच!" तेव्हापासून मला नाद लागला, की मुलांना वाळू द्यायची ही रीत आली कुठून.

बर्लिन शहर वसलंय तेच हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूवर. तिथल्या बागांत मुलांसाठी वाळूचे ढीग असत. मारी झाकशेवस्का ही मूळची बर्लिनची डॉक्टर. अमेरिकेत बोस्टनला जाऊन 1862 साली तिनं बायका-मुलांसाठी दवाखाना काढला होता. 1885 साली बर्लिनला गेली असताना तिनं हे ढीग पाहिले आणि बोस्टनच्या बायकांना पत्र लिहिलं. त्यांनी गरिबांच्या वस्तीतल्या पारमेंटर रस्त्यावर, एका प्रार्थनाघराच्या आवारात वाळू टाकली. आठवड्यातून तीन दिवस पंधराएक मुलं यायची. लाकडी फावडी घेऊन उकरायची, वाळूच्या भाकरी थापायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारचीच एक बाई लक्ष ठेवायला असे. 1887 पर्यंत अशा दहा जागा झाल्या आणि देखरेख करणाऱ्या बायांना पगारही सुरू झाला. (आपल्या सेविकांनी हे ऐकून ठेवावं!)

पाण्यानं वाहून आणलेल्या वाळूचा कण घासून गोल होतो, बारीक पूड धुऊन जाते. दगड दळून केलेल्या वाळूत ती पूड तशीच राहते. मग दगड कुठला, यावर सगळं येतं. अमेरिकेत 1986 साली एका डॉक्टरी नियतकालिकात पत्र छापून आलं, की दुकानात मिळणाऱ्या खेळाच्या वाळूत अ‍ॅस्बेस्टॉसच्या जातीचे तंतू सापडले. ती वाळू खाणीतला दगड दळून केलेली होती. गारगोटीची पूडही वाईटच. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की दगडफोड्यांना सिलिकोसिस होतो. खेळणाऱ्या मुलाला तेवढा धोका नाही हे खरं, पण त्याचं नाक ढिगापासून वीतभरच लांब असतं.

आम्ही काय केलं? कोरडी मूठ उन्हात वरून सोडली, तर धूर निघाला. मग बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवलं. चांगली वाळू लगेच खाली बसते. आमचं पाणी संध्याकाळपर्यंत ताकासारखंच. ती कच रस्त्याच्या खड्ड्यात गेली. गटानं वर्गणी काढून पावती असलेली अर्धा ब्रास नदीची वाळू आणली, चाळली, दोनदा धुतली. खेळायच्या आधी थोडं पाणी शिंपडतो.

रात्री मांजरं घाण करतात म्हणून वर ताडपत्री टाकतो. एका कोपऱ्यात फाटलीय, ती तेवढी अजून शिवायची राहिलीय.