कुत्रा कुणाचा? १८३२ च्या मुंबईपासून आपल्या कोलाड नाक्यापर्यंत

पोस्ट मोठी आहे, पण सवडीने शेवटपर्यंत वाचा.

मध्यंतरी आपल्याच भागात एका शाळकरी पोराला कुत्रा चावला. क्लासवरून चालत घरी येत होता. पोटरीचा लचकाच तोडला. पोरगं बरं आहे, इंजेक्शनं पूर्ण झाली. पण रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर काय सुरू झालं? "मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा", "ग्रामपंचायत झोपली आहे का?" आता गंमत बघा, त्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता. तो कुणाचा, कुठल्या गेटमधून बाहेर आला हे नाक्यावर सगळ्यांना माहीत होतं. सकाळी मी बातमी लिहून ठेवली आणि फोन आला, "भाऊ, आमच्यात मिटलंय, कशाला छापताय?" मी छापली नाही. ती बोच अजून आहे, म्हणून आज हे लिहितोय.

आपल्या जिल्ह्यात कुत्र्याचा वाद म्हटला की रायगडावरचा वाघ्या आठवतो. २०१२ मध्ये त्याचा पुतळा हलवला, परत बसवला, २०२५ मध्ये पुन्हा तोच वाद पेटला. पुतळ्याच्या कुत्र्यावर आपण हिरिरीने बोलतो. जिवंत कुत्र्याच्या मालकाबद्दल मात्र तोंड उघडत नाही. आणि ही सवय आजची नाही, जवळजवळ दोनशे वर्षांची आहे.

साल १८३२. मुंबईत कंपनी सरकार. भटकी कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासूनच होता. वर्षातून दोनदा, १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, या काळात कुत्री मारायची. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात असा तेव्हाचा समज. १८३२ मध्ये उन्हाळ्याची मुदत वाढवून १५ जून केली. एक कुत्रा मारला की आठ आणे बक्षीस. त्या काळात आठ आणे म्हणजे गरिबाला थोडीथोडकी रक्कम नव्हे.

बक्षीस नगावर ठेवलं की काय होतं हे सांगायला नको. अंगावर येणाऱ्या भटक्या कुत्र्यामागे धावण्यापेक्षा ओट्यावर निवांत बसलेला पाळीव कुत्रा उचलणं सोपं. लोकांच्या दारातली, मालकीची कुत्रीही नेतात अशा तक्रारी वाढल्या. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. माणूस गेल्यावर प्रेताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा त्यांचा विधी. त्यात ६ जून १८३२ हा त्यांचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशी कुत्री मारण्याचं काम चालू राहिलं. लोक जमले आणि कुत्री मारणाऱ्या पोलिसांवर तुटून पडले.

दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, हरताळ. दुकानं बंद. नुसते पारशीच नाहीत, हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही त्यात आले. कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडवली. साहेब लोकांच्या गाड्यांवर घाण फेकली. शेवटी दंग्याचा कायदा वाचून दाखवला, फौज आणली, धरपकड झाली. काही जणांना शिक्षा झाल्या. पुढे जमशेटजी जीजीभाई आणि इतर प्रतिष्ठित मंडळींनी अर्जविनंत्या करून वातावरण निवळवलं. सरकारही थोडं नमलं. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असं ठरलं.

इतिहासाच्या पुस्तकात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून येते. धर्म, सरकारचा अधिकार, व्यापाऱ्यांची ताकद, सगळं तिच्यात आहे. मला मात्र तिच्यात एक साधी गोष्ट दिसते. कुत्रा कुणाचा आणि कुणाचाच नाही, हे ठरवायचं कसं, यावर गाडी अडली होती. मालकीचा कुत्रा रस्त्यावर मोकळा फिरणार असेल, तर त्याच्यात आणि भटक्यात फरक कसा करणार? सरकारने तो फरक केला नाही आणि लोकांनीही कुत्री बांधून ठेवली नव्हती. मग भांडण झालं ते मारायची की नाही यावर. आजही तेच चालू आहे.

म्हणजे कायदा मालकाला विसरला होता असं नाही बरं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून लोकांना धोका होऊ नये याची काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ झालं, दंड पाच हजारापर्यंत गेला. १९५१ च्या पोलीस कायद्यात तर अशीही तरतूद की कुणी धरलेला नसेल त्या कुत्र्याच्या तोंडाला मुसकी हवी, असा जाहीर हुकूम काढता येतो. आणि १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा सांगतो की कुत्रा सतत साखळीला बांधून ठेवणं, त्याला फिरवायला न नेणं हा गुन्हा. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडून देणं हाही गुन्हा. पहिल्या वेळेचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये! एक वडापाव आणि चहा झाला तेवढ्यात.

पण हे कलम कागदावरच असतं असं समजू नका. वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये पाळीव कुत्रा शेजाऱ्याला चावला. मे २०२५ मध्ये कोर्टाने मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. सात वर्षं लागली, पण शिक्षा मालकाला झाली.

आता दुसरी बाजू. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला रेबीजची पहिली लस दिली. आपल्याकडे कसौलीला १९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. तीच ती पोटातली चौदा इंजेक्शनं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, अजून अंगावर काटा येतो. या शतकाच्या सुरुवातीला ती लस बंद झाली, आता दंडात मोजकी चार-पाच इंजेक्शनं. पण एक गोष्ट बदललेली नाही: लक्षणं दिसू लागली की रेबीजवर इलाज नाही. म्हणून चावल्यावर हळद, चुना, तंबाखू भरू नका. पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि तडक दवाखाना गाठा. जखम खोल असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं, ते विचारून घ्या. कुत्रा पाळलेला आहे म्हणून 'काही होत नाही' असं समजू नका.

सरकारी धोरण मात्र सगळं भटक्यांभोवती फिरत राहिलं. आधी मारायचं. मग २००१ मध्ये नसबंदी आणि लसीकरणाचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने केले. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीबद्दल आधी सगळी कुत्री उचला म्हटलं, मग अकरा दिवसांत आदेश बदलला. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं. टीव्हीवर प्राणीप्रेमी विरुद्ध त्रस्त नागरिक. १८३२ चाच खेळ, पात्रं नवी. आणि २०२३ च्या त्याच नियमांत पाळीव जनावराची लस, नसबंदी, परवाना ही जबाबदारी मालकाची, असं स्पष्ट लिहिलंय. त्यावर चर्चा नाही.

आता आपल्याकडे या. हायवे, रेल्वे, कुंडलिकेवरचं राफ्टिंग, आजूबाजूला वाढलेले बंगले आणि फार्महाऊस. मालक शनिवार-रविवारचा, कुत्रा बारमाही. राखणीला दणकट जातीचं पिल्लू आणायचं, दिवसभर साखळीला, रात्री मोकळं, सांभाळायला राखणदार, त्याच्या पगारात कुत्र्याचं इंजेक्शन बसत नाही. गेट उघडं राहिलं की कुत्रा रस्त्यावर. म्हातारा झाला किंवा पिल्लं जास्त झाली की गाडीत घालून हायवेच्या ढाब्यापाशी सोडला. उद्या तोच आपल्या लेखी 'मोकाट'. बाहेरच्यांनाच बोल लावत नाही मी. आपल्या आळीतही "आमचा काही करत नाही" म्हणणारे आहेत. तो घरच्यांना काही करत नाही हो, पेपर टाकणाऱ्या पोराला विचारा.

आणि हे जमतं, ते जमवणारा शेजारीही आहे. कोलाडहून ट्रक रेल्वेवर चढवून गोव्याला वेर्णाला जातात, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच गोव्याने वर्षानुवर्षं गावोगाव फिरून पाळीव आणि भटकी दोन्ही कुत्री टोचली, शाळाशाळांत मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. ट्रक पाठवतो तसं तिथून थोडं शहाणपण आणायला काय हरकत आहे?

माझं म्हणणं एवढंच. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडू. एक, गावातल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंद, फार्महाऊससकट, मालकाचं नाव आणि लसीची तारीख घालून. दोन, पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र देऊन वर्षातून एकदा लसीकरणाचं शिबिर. तीन, पाळीव कुत्रा चावला तर 'आपसात मिटवलं' नाही, रीतसर तक्रार. भटक्यांची नसबंदी ही पंचायतीची जबाबदारी आहेच, ती मागत राहू. पण वही आधी मालकांची उघडायची.

१८३२ मध्ये कुत्रा कुणाचा हे कुणाला सांगता आलं नाही, म्हणून मुंबई पेटली. आपल्याला सांगता येतं आणि आपण सांगत नाही. मीही सांगितलं नाही. पुढच्या वेळी फोन आला तरी बातमी छापणार, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

ग्रामसभेला कोण कोण येणार, खाली लिहा.