दिनविशेष, 27 मे : स्पेनमध्ये एका मताने वेतनकपात
2010 : सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतनात सरासरी 5 टक्के कपात करणारा वटहुकूम स्पेनच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने 169 विरुद्ध 168 मतांनी मंजूर केला. वित्तीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 11 टक्क्यांवर गेल्याने पंतप्रधान होसे लुईस झापातेरो यांच्या समाजवादी सरकारने 15 अब्ज युरोंच्या बचतीची योजना आणली होती. त्यात बहुतेक निवृत्तिवेतनांची वाढही रोखली होती. अर्थमंत्री एलेना साल्गादो यांनी प्रस्तावाची बाजू मांडली. उजव्या पॉप्युलर पार्टीने विरोधात मत दिले. कॅटलोनियातील ‘सीआययू’सह प्रादेशिक पक्षांचे 13 सदस्य तटस्थ राहिल्यानेच सरकार तरले. 8 जूनला कर्मचाऱ्यांनी संप केला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत समाजवाद्यांची सत्ता गेली.