दुरून दिलेला धीर



मनाचें दुखणें दोन तऱ्हेचें असतें. एक असें, कीं तें पाहतांच शेजारीपाजारी धांवून येतात आणि रोग्याला इस्पितळांत नेतात. दुसरें घरच्या माणसांच्याहि सहसा लक्षांत येत नाहीं. मनुष्य वेळेवर कचेरींत जातो, घरीं येतो, चार घांस जेवतो; पण जेवणाला चव नसते, पहाटे तीनला जाग येते ती पुनः डोळा लागूं देत नाहीं, आणि कालपर्यंत सहज होणारें काम आज डोंगराएवढें वाटतें. वैद्यकशास्त्र याला सौम्य चिंताविकार किंवा सौम्य नैराश्य म्हणतें. ‘सौम्य’ हें विशेषण मात्र पुस्तकांतलें. ज्याचें त्याला तें सौम्य वाटत नाहीं. अशा माणसाच्या उपचाराचा खर्च सरकारनें सोसावा, आणि तो उपचार त्याला घरबसल्या संगणकावर मिळावा, ही कल्पना कोठून आली व ती कितपत फळाला आली, याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

सरकारी खजिन्याला मनोविकारांची ओळख प्रथम झाली ती वेड्यांच्या इस्पितळांच्या रूपानें. १८४५ सालीं इंग्लंड व वेल्समधील परगण्यांवर असें इस्पितळ बांधण्याची कायद्यानें सक्ती झाली. परंतु त्या उंच भिंतींच्या आंत सौम्य दुखण्याला जागा नव्हती. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रॉइड यांचें मनोविश्लेषण प्रसिद्धीस आलें. पण आठवड्यांतून अनेक दिवस, तेंहि दीर्घकाळ, वैद्याच्या खोलींत कोचावर पडून बोलत राहणें हें सधनांनाच परवडणारें होतें. लाखों लोकांना असा उपचार पुरविणें कोणत्याहि सरकारच्या आवाक्यांत नव्हतें.

या कोंडींतून वाट निघाली ती उपचाराचें स्वरूपच पालटल्यामुळें. १९५० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनीं, आणि १९६० नंतरच्या दशकांत फिलाडेल्फियाचे डॉक्टर अ‍ॅरन बेक यांनीं, आपापल्या वाटेनें एकच तत्त्व मांडलें: माणसाला त्रास होतो तो केवळ प्रसंगामुळें नव्हे, तर त्या प्रसंगाचा तो जो अर्थ लावतो त्यामुळें. स्टोइक तत्त्ववेत्ता एपिक्टेटस यानें हा विचार फार पूर्वीं सांगितला होता, आणि या दोघांनींहि तें ऋण मान्य केलें. समजा, साहेबांनीं सकाळीं नमस्कार घेतला नाहीं. कारकुनाच्या मनांत लगेच येतें, ‘साहेब नाराज आहेत, आतां नोकरी जाणार!’ या उपचारांत तो हा विचार वहींत उतरवितो. त्याला अनुकूल पुरावा कोणता, प्रतिकूल कोणता, तें शेजारीं मांडतो. आणि दुसऱ्या दिवशीं मुद्दाम साहेबांशीं बोलून पाहतो. एलिस यांच्याशीं मुंबईचे कि. मो. फडके यांनीं अनेक वर्षें पत्रव्यवहार केला, व त्यांची विचारसरणी मराठी वाचकांपर्यंत पोंचविली. या पद्धतींत रकाने आहेत, गृहपाठ आहे आणि कांहीं आठवड्यांत संपणारा अभ्यासक्रम आहे. म्हणूनच ती कागदावर मांडतां आली, टपालानें धाडतां आली, आणि पुढें संगणकावरहि चढवितां आली.

दुरून उपचार करण्याची कल्पना तशी नवी नव्हती. घोड्यांच्या भयानें पछाडलेल्या एका लहान मुलाची हकीकत फ्रॉइड यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केली. तो उपचार बहुतांशीं मुलाच्या वडिलांमार्फत झाला होता. वडील सारा वृत्तांत फ्रॉइड यांना कळवीत, आणि त्यांच्या सल्ल्यानें मुलाशीं बोलत. यंत्राचा प्रवेश झाला १९६६ सालीं. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत जोसेफ वायझेनबाउम यांनीं ‘एलायझा’ नांवाचा संगणकी कार्यक्रम रचला. बोलणाऱ्याचें वाक्य थोडें फिरवून तें प्रश्नरूपानें त्यालाच परत करावयाचें, एवढीच त्याची करामत. तरीहि, वायझेनबाउम सांगतात, त्यांच्या चिटणीस बाई त्याच्याशीं बोलूं लागल्या आणि थोड्याच वेळांत त्यांनीं खुद्द वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंति केली! हा प्रसंग त्यांच्या मनाला लागला, आणि १९७६ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं असलें काम यंत्राकडे सोंपविण्यास निक्षून विरोध केला. माणूस पडद्यासमोर मन मोकळें करूं शकतो, हें दिसून आलें होतें. पण पडद्यापलीकडे ऐकणारें कोणी असावें कीं नाहीं, हा प्रश्न तसाच राहिला.

सरकारी पैशाची वाट मात्र एका अर्थशास्त्रज्ञानें मोकळी केली. २००३ सालीं ब्रिटिश अकादमीच्या एका समारंभांत, चहाच्या वेळीं, अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड लेयर्ड यांची मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्याशीं गांठ पडली. त्यांतून २००६ सालीं एक अहवाल निघाला. त्यांतील हिशेब असा: एका रोग्याच्या उपचाराला सुमारें ७५० पौंड लागतात, आणि तोच मनुष्य आजारपणामुळें कामावांचून घरीं बसला, तर भत्ता व बुडालेला कर मिळून सरकारला महिन्याकाठीं तितकाच खर्च येतो. उपचारामुळें तो एक महिना जास्त कामावर राहिला, तरी खर्च भरून निघाला! करुणेनें जें दार उघडलें नव्हतें, तें या बेरजेनें उघडलें. डॉन्कास्टर व न्यूहॅम येथें आधीं प्रयोग झाला, आणि २००८ पासून इंग्लंडभर योजना सुरू झाली. डॉक्टरांची चिठ्ठी नसतांहि कोणालाहि तेथें स्वतः जातां येतें. ही योजना पुढें वर्षाला दहा लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोंचली.

उपचारक मात्र थोडे, आणि रांग लांब. तेव्हां यंत्राची आठवण होणें साहजिक होतें. २००६ च्या फेब्रुवारींतच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनें नैराश्य व भयविकार यांसाठीं दोन संगणकी कार्यक्रमांना मान्यता दिली होती. खर्च कमी, वाट पाहणें नाहीं. मग माणूस हवाच कशाला, असें वाटावें अशी स्थिति आली. परंतु २०१५ सालीं यॉर्क येथील संशोधकांनीं ६९१ रोग्यांवर केलेल्या परीक्षेचा निकाल लागला. नेहमींच्या डॉक्टरी उपचाराला संगणकी कार्यक्रमाची जोड दिल्यानें त्यांच्या प्रकृतींत विशेष फरक पडला नव्हता. यंत्र कसें चालवावें हें सांगणारा दूरध्वनि त्यांना येत असे, पण दुखण्याबद्दल विचारपूस करणारा उपचारक मागें नव्हता; आणि पुष्कळांनीं एकदोन पाठांनंतर तो नाद सोडून दिला.

मग दोष संगणकाचा म्हणावा काय? दुसऱ्या देशांतील अनुभव तसा नाहीं. स्वीडनमध्यें गेरहार्ड अँडरसन व त्यांचे सहकारी आरंभापासून पाठांच्या जोडीला मार्गदर्शक ठेवीत आले. २००७ सालीं स्टॉकहोममध्यें अशा उपचाराचा दवाखाना सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचाच एक भाग म्हणून सुरू झाला. ऑस्ट्रेलियांत २०१२ च्या डिसेंबरांत सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठांतून ‘माइंडस्पॉट’ हा दवाखाना निघाला. खर्च केंद्र सरकारचा, रोग्याला फुकट. पांच पाठ, आठ आठवडे, आणि दर आठवड्याला उपचारकाचा एक दूरध्वनि किंवा एक पत्र. हाच अभ्यासक्रम पुढें कॅनडांतील सस्कॅचवान प्रांतांत गेला. हा प्रांत विस्तारानें महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, पण वस्ती बारा लाखांच्या आसपास. हिंवाळ्यांत बर्फानें वाटा अडतात; मनोवैद्याकडे जाणें म्हणजे दिवसाचा प्रवास. रिजायना विद्यापीठांत प्राध्यापिका हेदर हाजिस्टाव्ह्रोपूलोस यांनीं चालविलेल्या शाखेंतून तेथील शेतकऱ्याला स्वयंपाकघरांतल्या मेजावर पाठ मिळूं लागला, आणि आठवड्याला कोणी त्याचें लिहिलेलें वाचून उत्तर देऊं लागलें. २०२३ सालीं ‘नाइस’नेंहि अशा कार्यक्रमांची सशर्त शिफारस केली, ती उपचारकाचें साहाय्य गृहीत धरूनच.

या उपायाच्या मर्यादा विसरतां कामा नयेत. ज्याच्या मनांत जीव देण्याचे विचार येतात, त्याला आठवड्याच्या पाठावर ठेवणें धोक्याचें. त्याला तात्काळ माणसाची सोबत हवी. ज्याला घरांत एकांताचा कोपरा नाहीं, ज्याला पडद्यावरची भाषा वाचतां येत नाहीं, त्याचेंहि पोट या पाठांनीं भरत नाहीं. आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तो अभ्यासक्रम नव्हे, तें दूरध्वनीवरचें बोलणें आहे. पण मराठींत बोललेलें ऐकून घेणारा माणूस तेथें आहे, ही गोष्ट लहान नाहीं.

उद्यां खर्चाचा प्रश्न पुनः निघेल. आठवड्याचें तें एक पत्र वगळलें, तर हिशेबांत बरीच बचत दिसेल, आणि बचत सुचविणाराला आकडे पाठ असतील. त्या वेळीं पहाटे तीनला जागा असलेला तो मनुष्य आपण डोळ्यांपुढें आणावा. त्यानें वहींत चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. त्या सोमवारीं कोणीतरी वाचणार आहे, एवढ्या भरंवशावर तो उद्यांच्या कामाला जाणार आहे.