अनामिका आणि जोडवी : विवाहचिन्हाच्या स्थानाचा विचार

विवाहाची अंगठी कोणत्या बोटात घालावी, हा प्रश्न जामसंडे-देवगडकडील पूर्वीच्या पिढ्यांना पडण्याचे कारण नव्हते. उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच या किनारपट्टीवरही गळ्यातील मंगळसूत्र, हातांतील काकणे व पायांतील जोडवी ही हिंदू सौभाग्यवतीची परंपरागत चिन्हे होत. जोडवी पायाच्या अंगठ्यालगतच्या बोटात घालतात. ती चांदीची असतात, कारण सोने कमरेखाली घालू नये असा संकेत आहे. साखरपुड्यात वधूवरांनी परस्परांस अंगठी घालण्याची चाल अर्वाचीन होय.

अंगठीचे बोट मात्र आपल्याकडे नवखे नाही. अमरकोशात त्यास 'अनामिका' म्हटले असून, धर्मकृत्यात दर्भाचे पवित्रक याच बोटात धारण करतात. परंतु पवित्रक कर्मापुरते असते. ते विवाहाचे चिन्ह नव्हे. विवाहाच्या अंगठीसाठी डाव्या हाताचा नियम युरोपातील आहे. इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनाग्रंथाने आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने डाव्या हाताची अनामिका नेमून दिली.

या बोटाचे माहात्म्य सांगताना दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस हा अपियनच्या आधारे लिहितो की, इजिप्तमधील शवविच्छेदनात या बोटापासून हृदयापर्यंत जाणारा एक सूक्ष्म तंतू आढळला. त्याचा विषय विवाहाची अंगठी हा नसून ग्रीक व रोमन लोकांची अंगठी घालण्याची जुनी रीत हा होता. म्हणजे रूढी आधी होती, उपपत्ती मागाहून आली. जोडव्यांच्या बोटातील शीर गर्भाशयास जोडलेली असते, ही आपल्याकडील समजूत त्याच जातीची आहे. शरीरशास्त्रात दोहोंनाही आधार नाही.

कायद्याने या चिन्हांना कितपत महत्त्व दिले, हेही पाहण्यासारखे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कोणताही अलंकार आवश्यक मानलेला नाही. त्यात मद्रास राज्याने १९६७ मध्ये जोडलेल्या कलम ७-अ नुसार वधूवरांनी एकमेकांच्या 'कोणत्याही बोटात' अंगठी घातली तरी विवाह सिद्ध होतो.

तेव्हा खरा भेद बोटाचा नसून चिन्हाच्या भाराचा आहे. अंगठी दोघे घालतात. जोडवी एकटी स्त्री घालते, आणि पतिनिधनानंतर ती उतरविण्याची सक्तीही तिच्यावरच होत आली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी मंगळसूत्र व जोडवी काढून घेण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्यशासनाने इतर ग्रामपंचायतींस त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. विवाहचिन्हांचा इतिहास लिहिताना ते चिन्ह कोठे घातले जाते याबरोबरच ते कोणाच्या इच्छेने उतरविले जाते, याची नोंदही तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी.