टाक्याची इज्जत

कापडाचे दोन थर घ्यायचे, मध्ये कापूस किंवा जुने लुगडे घालायचे आणि सगळे एकत्र शिवून टाकायचे, ही युक्ती अनेक समाजांनी शोधली. शब्द मात्र गावोगाव फिरले. इंग्रजी ‘क्विल्ट’ आणि पोर्तुगीज ‘कोल्चा’ ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरे. मूळ अर्थ गादी. ‘लिहाफ’ अरबीतून उर्दूत आला. ‘दर्जी’ फारसी ‘दर्ज’वरून, म्हणजे शिवण. ‘बखिया’ही फारसीच. गोधडी आपली. नावे कितीही वेगळी असली तरी शिवणाऱ्याची अडचण सगळीकडे एकच: थर सरकतात.

हाताने शिवताना ही अडचण हातच सोडवतो. एक हात वरून सुई चालवतो, दुसरा खालून थर चाचपत राहतो. यंत्राला हा दुसरा हात नव्हता.

एलायस हाऊ यांचे पेटंट 1846 चे, आयझॅक सिंगर यांचे 1851 चे. 1854 मध्ये अ‍ॅलन विल्सन यांनी कापड पुढे नेणारी दातेरी पट्टी आणली. सुईखालचे दात वर येतात, कापड एक टाका पुढे ढकलतात, खाली बसतात आणि मागे परततात. आपल्या घरातली यंत्रेही याच तत्त्वावर चालतात. सदरा शिवायला ही सोय उत्तम आहे. रजईचे मात्र तीन थर. दात फक्त खालच्या थराला धरतात. वरचा थर दाबणाऱ्या पायाखाली अडखळतो. ओळ संपेपर्यंत खालचे कापड पुढे गेलेले असते आणि वरच्याला चुण्या पडलेल्या असतात. कच्चा टाका घातला तरी हे पूर्ण टळत नाही. एकोणिसाव्या शतकातच अमेरिकेच्या डेव्हिस कंपनीने यावर तोड काढली होती. त्यांच्या यंत्रात सुई कापडात असतानाच पुढे सरकायची आणि सगळे थर बरोबर न्यायची. पण घरोघरी पोचली ती खालच्या दातांची यंत्रे.

आता इज्जतीची गोष्ट. 1850 च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्र 100 डॉलरच्या आसपास होते, म्हणजे सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. 1856 मध्ये सिंगर कंपनीने हप्त्यांची पद्धत सुरू केली. ज्या घरात यंत्र आले, तिथल्या काही बायका मुद्दाम यंत्राचा टाका रजईच्या दर्शनी बाजूला घालू लागल्या. आमच्या घरी यंत्र आहे, हे पाहुण्याला कळावे म्हणून! पुढे यंत्र स्वस्त झाले आणि तोच टाका हलका ठरला. विसाव्या शतकात ‘खरी रजई हाताचीच’ असे मानणाऱ्यांचे वजन वाढले. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या रजया चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि रजईला कलेचा मान मिळाला.

मधल्या काळात यंत्राला दुसरा हात मिळत होता. 1968 मध्ये जर्मनीच्या फाफ कंपनीने घरगुती यंत्रातच वरून कापड ओढण्याची सोय बसवली. इतर यंत्रांसाठी वेगळा जोडता येणारा ‘वॉकिंग फूट’, म्हणजे चालता पाय, मिळू लागला. त्याला स्वतःचे दात असतात. त्याचा दांडा सुई धरणाऱ्या स्क्रूवर टेकतो. सुईच्या वरखाली होण्याबरोबर वरचे दातही हलतात आणि खालच्या दातांशी पाऊल जुळवून चालतात. तिन्ही थर एकाच चालीने पुढे जातात.

या पायाने सरळ ओळी तर येतातच, शिवाय यंत्रातले नक्षीचे टाकेही रजईवर घालता येतात: लाटेसारखा, नागमोडी, पिसासारखा. अट एक. टाका पुढे पुढे जाणारा हवा. जे टाके वारंवार मागे येतात ते बिघडतात, कारण वरचे दात पुढेच ओढतात. आधी मधली लांब ओळ घालून थर पक्के करायचे आणि मग कडेकडे जायचे, म्हणजे सैल कापड बाहेर निघून जाते.

आपल्याकडे चाल बहुधा उलटी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी स्त्रिया कवंडी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत गोल गोल आत येतात. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात. फुलांशिवाय कवंडी पूर्ण होत नाही. या स्त्रियांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. आपल्या अनेक गोधड्याही अशाच कडेकडून मध्याकडे येतात. यंत्राने असे केले तर मध्ये फुगवटा उरेल. हाताला तो जिरवता येतो, कारण प्रत्येक टाक्याला खालचा हात हजर असतो.

1989 मध्ये केंटकी राज्यातल्या पडुका येथील रजयांच्या मोठ्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर शिवलेल्या रजईला सर्वोच्च बक्षीस मिळाले. ही खरी रजई का, यावर मोठा वाद झाला. सव्वाशे वर्षांपूर्वी जो टाका मिरवला गेला, नंतर लपवला गेला, तो पुन्हा मंचावर आला.

आपल्याकडे हाच फेरा उलट्या दिशेने फिरला. हाताची गोधडी गरिबीची खूण होती. लग्नात नवी कोरी रजई दिली जायची, गोधडी पाहुण्यांसमोर आत ठेवली जायची. आज शहरातल्या दुकानांत तीच ‘हस्तकला’ म्हणून मांडली जाते. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवले होते. त्यांचा प्रश्न यंत्राने माणसाचे काय होते, हा होता.

टाक्याबद्दलही तोच प्रश्न विचारायला हवा. टाका हाताचा की यंत्राचा, यावरून त्याची इज्जत ठरवणारे लोक बहुतेक वेळा शिवणारे नसतात. शेजारच्या मोहल्ल्यातली बाई पायाच्या यंत्रावर रजई शिवत असो की दारात बसून गोधडी, थर सरकू न देण्याची मेहनत दोघींची आहे. तेव्हा भाव करताना ‘हाताची आहे का?’ याआधी ‘किती दिवस लागले?’ हे विचारावे, आणि त्या दिवसांचे पैसे द्यावेत.