पान, दोरा आणि पुठ्ठा : नाशिक परिसरातील ग्रंथबांधणीच्या शिक्षणाचा इतिहास

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथकर्त्याचा विचार पुष्कळ झाला, लेखकूचा थोडा झाला आणि ग्रंथ बांधणाऱ्याचा जवळजवळ झालाच नाही. हस्तलिखिताचे पाठ तपासताना संशोधक अक्षराकडे पाहतो; पान कसे दुमडले आहे, दोरा कोठून गेला आहे, कड कोणी व केव्हा कापली आहे, हे प्रश्न तो सहसा जीर्णोद्धार करणाऱ्यावर सोपवितो. वस्तुतः या प्रश्नांवर पाठनिर्णयाचा एक महत्त्वाचा भाग अवलंबून असतो. ही कला महाराष्ट्रात कोण कोणाकडून शिकले, हे सांगणारे सलग साधन नाही. परंतु दोन प्रकारचे पुरावे हाताशी आहेत : एक, कारागिरांची आणि लेखकूंची परिभाषा, दुसरा, बांधलेल्या वस्तू. नाशिक क्षेत्र या दोन्ही दृष्टींनी संपन्न आहे. कारण येथे पोथी, वही आणि छापील पुस्तक या तिन्ही परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदल्या.

२

प्रथम परिभाषेचा विचार करू. पुस्तकविषयक मराठी शब्दांचे तीन थर पडतात. पहिला थर पानाचा. ‘पत्र’ आणि ‘पान’ हे दोन्ही शब्द झाडाच्या पानाचे वाचक आहेत. ताडपत्र व भूर्जपत्र मागे पडून कागद आला तरी आडव्या, सुट्या पानांचा आकार आणि हे शब्द कायम राहिले. दुसरा थर दोऱ्याचा. ‘ग्रंथ’ हा शब्द गुंफणे, बांधणे या अर्थाच्या धातूपासून झाला असून, रचना गुंफणे आणि पाने ओवणे या दोन्ही क्रियांची छाया त्यावर आहे. तिसरा थर कातड्याचा. ‘पुस्तक’ हा शब्द इराणी भाषांतील कातडेवाचक शब्दावरून आला, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. ‘पोथी’ ही त्याच्याच ‘पुस्तिका’ या रूपाची प्राकृतमार्गे आलेली संतती होय. ‘दप्तर’ हा फारसी शब्द मुळात ग्रीक असून त्याचाही अर्थ कातडे, आणि अरबी ‘जिल्द’ म्हणजेही कातडेच. ज्या पोथीत कातड्याचा उपयोग सहसा कधीच होत नसे, तिचे नावच कातड्यावरून पडावे, हे शब्दांच्या प्रवासाचे लक्षणीय उदाहरण आहे.

या थरांवर पुढे आणखी शब्द चढले. ‘कागद’, ‘शाई’, ‘दस्ता’, ‘जुजबंदी’ हे शब्द कागदाच्या तंत्राबरोबर फारसी-अरबीतून आले. शिवकालात रचल्या गेलेल्या राज्यव्यवहारकोशात ‘लेखनवर्ग’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्या कोशाचा हेतू. तथापि कागद, शाई व दप्तर यांना मराठीतून तो हलवू शकला नाही. कारण उघड आहे. दरबारातील शब्द आज्ञेने बदलता येतो. हाताने शिकलेल्या कामातील शब्द मात्र ज्याच्याकडून काम शिकले त्याचाच राहतो. मराठी जिनगर, लेखकू व कारकून हे कागदी लोकांच्या आणि मुसलमान जिल्दकारांच्या सहवासात शिकले, याचा हा भाषिक दाखलाच समजावा.

३

मराठीत ग्रंथनिर्मितीचा पद्धतशीर पाठ म्हणून दाखविता येईल असा जुना मजकूर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात आहे. त्या दशकाच्या पहिल्या समासाचे नावच ‘लेखनक्रियानिरूपण’ असे आहे. त्यात अक्षराचे वळण, ओळींची समता व दोन ओळींतील अंतर यांपासून आरंभ होतो. नंतर पानाच्या चहूंकडे मोकळी जागा सोडण्याचा दंडक येतो. त्याचे कारणही दिले आहे : काळाने कडा झडल्या तरी आतील अक्षर झडू नये. त्यापुढे बोरू, शाई, हिंगूळ, रेखाटणी, फळ्या, दोऱ्या, बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलुपे अशी सामग्री क्रमाने येते. अक्षरापासून कुलुपापर्यंतचा हा क्रम म्हणजे एक पूर्ण अभ्यासक्रमच होय. लेखन, बांधणी आणि जतन ही तीन निरनिराळी कामे आहेत, असे येथे मानलेलेच नाही.

या समासाचा नाशिकशी असलेला संबंध केवळ योगायोगाचा नाही. समर्थांच्या (१६०८–१६८१) साधनेची बारा वर्षे नाशिकजवळील टाकळी येथे गेली. या काळात त्यांनी वाल्मीकिरामायण स्वहस्ते लिहून काढले, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. त्यांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी ही प्रत शंकर श्रीकृष्ण देव यांच्या प्रयत्नांनी उभ्या राहिलेल्या धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन झाली. मोठा ग्रंथ प्रतिलिपी करून शिकणे हीच त्या काळची कार्यशाळा होती. नक्कल करता करता शिष्य पानाचे माप, ओळींची संख्या, समासाची रुंदी आणि पत्रांक टाकण्याची रीत शिकत असे. मराठीत ‘समास’ हा शब्द पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेलाही लावतात, आणि लिहिलेले पिवळ्या हरताळाने झाकून रद्द करण्याच्या रीतीवरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. शिक्षणपद्धती लोपली, तिची भाषा मात्र बोलीत शिल्लक राहिली.

४

पोथी सुटी, तर वही शिवलेली. हा भेद केवळ सोयीचा नसून ग्रंथाच्या आयुष्याचा आहे. पोथीचे एक पान हरवले तर एकच पान हरवते, आणि पाठपृष्ठावरील पत्रांकामुळे ते कोणते हे लगेच कळते. शिवलेल्या वहीत मात्र एक ताव दुमडून दोन जोडपाने होतात. दोऱ्याजवळ एक पान फाटले की त्याचे जोडपानही सैल होते आणि कालांतराने गळते. म्हणून वहीतील गळती दोन ठिकाणी, मध्यापासून सारख्या अंतरावर आढळते. पाठचिकित्सकाने दोन तुटक जागा दोन निरनिराळ्या कारणांनी झाल्या असे मानण्यापूर्वी शिवण उलगडून पाहिली पाहिजे. लेखकूंच्या समाप्तिवचनांत पोथी स्वतःच वाचकाला विनविते की तेल व पाणी यांच्याप्रमाणेच सैल बांधणीपासूनही मला वाचवा. या विनवणीमागे पिढ्यांचा अनुभव होता.

मराठी संतवाङ्मयाची परंपरा बहुतांशी वहीतून आणि बाडातून आलेली आहे. तुकोबांच्या बुडविलेल्या ‘वह्या’, देहूची ‘भिजकी वही’, संताजी जगनाडे यांच्या वह्या ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. जगनाड्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी गाथेची आवृत्ती प्रसिद्ध केली. पोथी चौरंगावर ठेवून वाचावयाची; बाड काखेत मारून कीर्तनाला न्यावयाचे. धर्मग्रंथाला पोथीचे रूप आणि लोकांच्या अभंगाला हिशेबाच्या वहीचे रूप मिळाले, ही गोष्ट वाङ्मयाच्या समाजशास्त्रातही विचार करण्याजोगी आहे.

व्यापाऱ्याच्या वहीची घडण साधी, पण विचारपूर्वक केलेली असे. लांबट ताव दुमडून मध्यावर जाड दोऱ्याने शिवीत, वर लाल कापडाचे वेष्टन घालीत, आणि रकान्यांसाठी रेघा आखण्याऐवजी कागदाला सळ पाडीत. ही घडी घालण्याचे काम पेढीवरील उमेदवार मुलगा प्रथम शिके. रोजकीर्द व खतावणी लिहिणे त्यानंतरचे. वही घडविणे हा हिशेब शिकण्याचा पहिला धडा होता.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे या वहीला आणखी एक स्थान लाभले. क्षेत्रोपाध्यायांच्या घरोघरी यजमानांच्या नामावळ्यांच्या वह्या आहेत. यात्रेकरू आला की त्याचे मूळ गाव, आडनाव व कुळ विचारून उपाध्याय नेमकी वही काढतो, पूर्वजांचा लेख वाचून दाखवितो आणि नवा लेख लिहून घेतो. या लेखांत मोडी व देवनागरीबरोबर इतर प्रांतांच्या लिप्याही आढळतात. यात्रेकरूंच्या स्वतःच्या सह्यांमुळे बोलींचा व लेखनरूपांचा मोठा साठा त्यांत साचला आहे. अशा वहीकडून बांधणीच्या तीन अपेक्षा असतात : ती सपाट उघडली पाहिजे, तीत नवी पाने घालता आली पाहिजेत, आणि शेकडो वेळा हाताळूनही तिची शिवण टिकली पाहिजे. जीर्ण झालेल्या वहीची नक्कल करणे आणि नवी वही शिवणे हे काम बहुधा घरातच होई. सिंहस्थाच्या वर्षी गर्दी वाढे आणि वह्यांचा वापरही वाढे. गोदाकाठच्या वस्तीला १९६९ आणि २००८ च्या मोठ्या पुरांनी दिलेला इशारा पाहता, हा साठा सुरक्षित राहणे ही केवळ कुटुंबांची बाब नाही.

५

मुद्रणाने बांधणीचे शिक्षण घरातून कारखान्यात नेले. हे संक्रमण एकाएकी झाले नाही. १६१६ मध्ये गोव्यात छापलेले फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण रोमन लिपीत होते. १८०५ हे वर्ष तर विशेष सूचक आहे : त्याच वर्षी श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण खिळ्यांच्या साहाय्याने छापले गेले, आणि त्याच वर्षी मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्‌गीता छापली गेली. १८३१ मध्ये मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर पंचांग काढले. पुढे छापखान्यांनी कित्येक दशके धर्मग्रंथ सुट्या आडव्या पानांतच छापले. छपाई नवी, पण बांधणी मात्र पोथीची. वाचकाची सवय यंत्रापेक्षा सावकाश बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

उभ्या आकाराच्या पुस्तकाबरोबर बांधणीची नवी परिभाषाही आली. छापलेल्या तावाची घडी म्हणजे ‘फर्मा’, घड्या दोऱ्याने एकमेकींत अडकविणे म्हणजे ‘जुजबंदी’, आवरण म्हणजे ‘पुठ्ठा’. यातला ‘पुठ्ठा’ संस्कृत ‘पृष्ठ’ या शब्दाच्या कुळातला, ‘जुज’ अरबी, ‘फर्मा’ युरोपीय. एका पुस्तकाच्या अंगावर तीन खंड एकत्र आले. हत्यारे मात्र घरगुतीच राहिली : दाभण, टोचा, कातर, खळ आणि सरस. किडीपासून संरक्षणासाठी खळीत मोरचूद घालण्याची रीत जुन्या बांधणीकारांकडे होती.

नाशिकच्या दृष्टीने विसाव्या शतकातील मोठी घटना म्हणजे सरकारी मुद्रणालयांची स्थापना. १९२५ च्या सुमारास येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२८ मध्ये चलनी नोटांचा छापखाना सुरू झाला. तिकिटे व नोटा ही सुट्या कागदांची कामे. परंतु सिक्युरिटी प्रेसमध्येच भारतीय पारपत्रेही तयार होतात, आणि पारपत्र ही शिवलेली वहीच होय. पान बदलता येऊ नये हा शिवणीचा हेतू येथे राज्यसंस्थेच्या कामी येतो. ज्या गावात उपाध्यायाची वही यात्रेकरूची ओळख सांगते, त्याच गावात नागरिकाच्या ओळखीची वही शिवली जाते. याखेरीज गांधीनगर येथील भारत सरकारचे मुद्रणालयही नाशिकमध्येच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने औपचारिक उमेदवारीला कायद्याची चौकट दिली आणि पुस्तकबांधणीचाही त्या चौकटीत समावेश झाला.

शाळेची वाट वेगळी होती. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योगी शिक्षणाचा विचार रूढ झाला, आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. पुठ्ठाकाम व वही बांधणे हे मराठी शाळांतील अनेकांच्या परिचयाचे काम आहे. त्याहूनही जिवंत परंपरा हस्तलिखित नियतकालिकांची. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले. अशा उपक्रमांत मुलगा लेखक, लेखकू आणि बांधणीकार या तिन्ही भूमिका एकाच वेळी करी. लेखनक्रियानिरूपणातील अखंडता येथे नव्या रूपाने दिसते.

६

अलीकडे पुस्तकबांधणीच्या अल्पकालीन कार्यशाळांना सुशिक्षित वर्गात चांगला प्रतिसाद मिळतो. एक-दोन दिवसांत हाताने वही करून घरी नेण्याचा आनंद खराच आहे, आणि यंत्राने चिकटविलेल्या पुस्तकांच्या काळात दोऱ्याची ओळख होणे हेही इष्टच. परंतु तेथे शिकविल्या जाणाऱ्या टाक्यांची नावे बहुधा इजिप्त, जपान किंवा युरोप यांची असतात. ते टाके शिकण्यात गैर काही नाही. हा इतिहासच उसनवारीचा आहे. वैगुण्य आहे ते एवढेच की पोथी, बाड आणि वही यांची घडण त्याच टेबलावर शिकविली जात नाही. जुजबंदी व कागद ज्यांनी स्वीकारले त्यांनी स्वतःची पोथीही सोडली नव्हती.

या अज्ञानाची किंमत हस्तलिखिते मोजतात. जुन्या पोथीची सुटी पाने सद्हेतूने एकत्र शिवली, कडा यंत्राने सारख्या कापल्या आणि वर कापडी पुठ्ठा चढविला, की ग्रंथ नीटनेटका दिसतो. पण समासातील टिपा, दुरुस्त्या आणि पत्रांक कातरीत जातात, व शिवणीजवळची अक्षरे वाचता येत नाहीत. लेखकूने ज्या कडा झडण्यासाठी म्हणून मोकळ्या ठेवल्या होत्या, त्याच जाणून कापल्या जातात. बोलीरूपे आणि अर्थनिर्देश यांच्या अभ्यासकाला समासातील टीप कित्येकदा मूळ पाठाइतकीच मोलाची असते.

यावरून विद्यापीठीय विभागांचे कर्तव्य स्पष्ट होते. हस्तलिखितशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने लिपिवाचनाबरोबर एक पोथी, एक बाड आणि एक जुजबंदीची वही स्वतः बांधून पाहावी. तसेच पुस्तकबांधणीकार, उपाध्याय व पेढीवाले यांच्याकडील परिभाषा त्यांच्याच तोंडून टिपून घ्यावी. पहिल्या कामाने हाताला जे कळेल ते कोणत्याही वर्णनाने कळणारे नाही, आणि दुसरे काम लांबविण्यासारखे नाही. शब्द जाणणारे वृद्ध कारागीर एकेक करून कमी होत आहेत. आणि ज्या शिवणीचे नाव विसरले गेले, ती उसवल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.