वादळ कूस बदलतं तेव्हा

‘सायक्लोन’ हा शब्द कोलकात्यात जन्मला. तिथल्या सागरी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो आणला, सापाच्या वेटोळ्याशी जोडलेल्या ग्रीक शब्दावरून. सत्तरेक वर्षांनी, १९१९मध्ये, नॉर्वेतल्या बर्गनमध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी याच नावाखाली वेगळ्याच जातीचं वादळ मांडलं. थंड आणि उबदार हवा जिथे भिडते, त्या रेषेवर जन्मणारं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, म्हणून त्या रेषेला ‘फ्रंट’ म्हणजे आघाडी हे नाव पडलं.

एका शब्दाची अशी दोन घराणी झाली. पहिल्या घराण्यातलं वादळ उबदार समुद्रावर पोसतं. वर चढलेल्या बाष्पाचे ढग होताना जी उष्णता मोकळी होते, ती त्याची शिदोरी. त्याच्या मध्यभागी शांत डोळा असतो. दुसऱ्या घराण्यातलं वादळ हवेच्या तापमानातल्या फरकावर जगतं. त्याला तसा डोळा नसतो, पण पसारा अफाट असतो. एकच वादळ पहिल्या घराण्यात जन्मून दुसऱ्यात गेलं तर काय, हा प्रश्न मात्र दोन्हींच्या मधल्या जागेत पडून राहिला. त्याची खरी किंमत १९५४ साली मोजावी लागली.

त्या वर्षी २६ सप्टेंबरला जपानच्या हाकोदाते बंदरात ‘तोया मारू’ ही फेरीबोट वादळामुळे थांबून होती. होन्शू आणि होक्काइडो या बेटांमध्ये ती प्रवाशांसोबत रेल्वेचे डबेही वाहून नेई. संध्याकाळी पाचच्या सुमारास पाऊस थांबला, आभाळ उघडलं. कप्तानाला वाटलं, टायफूनचा डोळा डोक्यावरून जातोय, आता जोर ओसरेल. पुस्तकाप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं. साडेसहानंतर बोट निघाली. पण जपानच्या समुद्रावर ते वादळ तोवर कूस बदलू लागलं होतं. मधली उघडीप डोळ्याची नव्हती, आघाडीसोबत आलेली होती, असं नंतरच्या अभ्यासातून दिसलं. वादळाचं केंद्र अजून पश्चिमेलाच होतं. वारा पुन्हा उसळला. बंदराबाहेर टाकलेले नांगर ओढले जाऊ लागले. डबे चढवायची मागची बाजू उघडीच होती, तिला दारच नव्हतं. तिथून लाटा आत आल्या, पाणी खाली झिरपत इंजिनापर्यंत गेलं, इंजिनं बंद पडली. किनाऱ्याच्या वाळूत बोट रुतवायचा प्रयत्न झाला, पण ती तिथेच कलंडली. अकराशेहून जास्त माणसं गेली. त्या रात्री आणखी चार फेरीबोटी बुडाल्या. या दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीखालून रेल्वेचा बोगदा काढायच्या जुन्या कल्पनेला त्यानंतर जोर आला. तो सेइकान बोगदा १९८८मध्ये सुरू झाला.

अवघ्या एकोणीस दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, ‘हेझल’ हे चक्रीवादळ अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात धडकलं. जमिनीवरून, डोंगर ओलांडून जाताना ते विरून जाईल, असा भरवसा होता. त्याऐवजी ते थंड हवेच्या आघाडीला भिडलं आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आतल्या टोरांटोवर, आधीच भिजून तुडुंब झालेल्या मातीवर, कोसळलं. हंबर नदीने रेमोर ड्राइव्ह या रस्त्यावरची घरं माणसांसकट नेली. कॅनडात ८१ बळी गेले.

या हेझलचा हिशेब मांडला तो फिनलंडच्या एरिक पाल्मेन यांनी. समुद्राचं पाणी साधारण २६-२७ अंशांच्या वर तापल्याशिवाय पहिल्या घराण्यातलं वादळ जन्मत नाही, हे १९४८मध्ये दाखवून देणारे तेच. १९५८च्या लेखात त्यांनी हेझलला बळ कुठून मिळालं ते दाखवलं: थंड हवा खाली बसत होती, उबदार हवा वर चढत होती. दोन्ही घराणी जाणणाऱ्या माणसाच्या हातून ही सोयरीक जुळावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अटलांटिकमधली जवळपास निम्मी वादळं अशी कूस बदलतात. उत्तरेला सरकताना खालचं पाणी थंडावतं, वरून पश्चिमेचे वेगवान वारे गाठतात, पाऊस एका अंगाला ढकलला जातो आणि वाऱ्याचा पसारा रुंदावतो. आपल्या अरबी समुद्रातल्या वादळाला कूस बदलायला उत्तरेकडे वाटच नाही. २०२०चं ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात शिरलं आणि जमिनीवर विझलं.

रूपांतर नेमकं केव्हा झालं म्हणायचं, यासाठी रॉबर्ट हार्ट यांनी २००३मध्ये एक आलेख दिला. केंद्र उबदार की थंड आणि दोन्ही बाजू सारख्या की विषम, यावरून वादळाची जागा त्यावर ठरते. तरी नावाचा घोळ राहिलाच. २०१२मध्ये ‘सँडी’ वादळ किनाऱ्याला लागण्याआधीच रूप बदलणार म्हणून नॉर्थ कॅरोलायनाच्या उत्तरेला हरिकेनचा, म्हणजे पहिल्या घराण्यातल्या वादळाचा, इशारा दिला गेला नाही. वारा आणि पुराचे वेगळे इशारे होते, पण ‘हरिकेन’ हा शब्द ऐकून माणूस जसा घर सोडतो, तसा या इशाऱ्यांमुळे सोडत नाही. २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, कागदोपत्री हरिकेन न राहिलेलं सँडी न्यू जर्सीवर धडकलं आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्र शिरला. पुढच्या वर्षी नियम बदलला. आता वादळाने रूप टाकलं, तरी इशारा उतरवावा लागत नाही.